उसने हसू

माणसाचे हसू त्याच्या चेहऱ्यापासून सोडवून घेऊन दुसऱ्याच्या घरी पाठविता येईल, असे शंभर वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. आज आपण ते दिवसातून दहा वेळा करतो. दिवाळीच्या चार दिवसांत तर विचारूच नका! फराळाची ताटे शेजारीपाजारी फिरण्याआधीच मोबाइलवरून पणत्या, जोडलेले हात आणि हसरे चेहरे यांची देवघेव सुरू होते. पाठविणारा त्या वेळी कदाचित चकलीच्या सोऱ्याशी झटत असतो, किंवा बोनस हाती आला नाही म्हणून कपाळाला आठ्या घालून बसलेला असतो. मग आपल्याकडे आलेला तो हसरा चेहरा कोणाचा? आणि जो भाव आपल्या मुखावर नाही, तो दुसऱ्याला दाखविणे हे असत्य नव्हे काय?

मी तत्त्वज्ञ नव्हे. मॅट्रिकपलीकडची एकही पदवी माझ्या नावापुढे नाही. मुलांना मराठी शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्याप. परंतु हे दोन्ही उद्योग असे आहेत, की निर्जीव अक्षरांना जिवंत माणसाचा सूर कसा द्यावा, हा प्रश्न त्यांत रोजच पुढे येतो.

प्रश्न जुना आहे. मोडी लिहिणारे आपले पूर्वज विरामचिन्हे वापरीत नसत. शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते. एका उद्गारचिन्हाने वाक्याला केवढा आवाज फुटतो, हे वर्गात मोठ्याने वाचून दाखविले की मुलांना लगेच कळते. आजचे चेहरे हे त्या उद्गारचिन्हाचेच धाकटे भावंड होय.

त्यांचा जन्मही मोठ्या सरळ हेतूने झाला. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तेथील लोक १९८२ साली संगणकावरील सूचनाफलकावर एकमेकांशी बोलत असत. लिफ्टमध्ये पारा सांडल्याची इशारेवजा थट्टा एकाने त्या फलकावर केली आणि काहींना ती खरीच वाटली. तेव्हा स्कॉट फाह्लमन या संगणकशास्त्रज्ञाने १९ सप्टेंबर १९८२ रोजी एक तोडगा सुचविला. थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस अशी तीन चिन्हे ओळीने लिहावीत. मान डावीकडे कलवून पाहिले, की त्यांत हसरे तोंड दिसते! पुढे १९९९ साली जपानात शिगेताका कुरिता यांनी मोबाइलसाठी १७६ चित्रे तयार केली. प्रत्येक चित्र बारा ठिपके रुंद आणि बारा ठिपके उंच, एवढेच त्याचे अंगण. २०१० साली युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात अशा चित्रांना अक्षरांच्या पंक्तीला जागा मिळाली, आणि २०१५ साली तर आनंदाश्रूंनी भिजलेल्या चेहऱ्याला ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वर्षाचा शब्द ठरविले. जो शब्दच नाही, तो वर्षाचा शब्द!

आमच्या शाळेतले एक वयस्क सहकारी या चेहऱ्यांवर फार रागावलेले असतात. त्यांचे म्हणणे असे, की ही तयार कपड्यांसारखी तयार भावना आहे. दुकानातून आणली आणि अंगावर चढविली. त्यांच्या रागाचा मी आदर करतो. पण जुनी पत्रे काढून पाहिली, की तो राग पुरता पटत नाही. ‘सा. न. वि. वि.’ लिहिणारा माणूस काय खरोखर जमिनीवर आडवा पडून नमस्कार करीत असे? ‘लोभ असावा’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण लोभासाठी व्याकूळ असत? जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. त्या तारेने शुभेच्छा धाडावयाच्या तर ठरीव वाक्यांची यादी असे. आपण नुसता आकडा सांगावयाचा आणि पलीकडे वाक्य पोहोचावयाचे. तेव्हा तयार भावना ही काही मोबाइलने आणलेली साथ नव्हे. माणसाला नेहमीच स्वतःचे शब्द सुचतात असे नाही, आणि सुचले नाहीत म्हणून त्याने मुके राहावे असेही नाही.

मात्र एक फरक आहे. ‘सा. न. वि. वि.’ ही रीत होती. तीत कोणी आपले मन वाचीत नसे. हसऱ्या किंवा रडत्या चेहऱ्याचे तसे नाही. ‘या क्षणी मी असा आहे’ अशी त्याची भाषा असते. माझ्या कादंबरीत मी ‘तिच्या डोळ्यांत पाणी तरळले’ असे लिहितो, तेव्हा माझे डोळे कोरडे असले तरी मी खोटे बोलत नाही. कारण ती नायिका आहे आणि ही कादंबरी आहे, हे वाचकाला ठाऊक असते. मोबाइलवर मात्र लेखकही आपण आणि पात्रही आपणच! आपण स्वतःचे एक पात्र रचतो आणि ते दुसऱ्याच्या दारी उभे करतो. भरताच्या नाट्यशास्त्राने अश्रू, रोमांच, कंप अशा आठ सात्त्विक भावांना वेगळे मानले आहे. मन एकाग्र झाल्याखेरीज ते अंगावर उमटत नाहीत, असे त्याचे सांगणे. नटालाही अश्रू आणावयाचे, तर आधी मन तेथे न्यावे लागते. आपल्याला तेवढेही कष्ट नाहीत. अंगठा टेकविला की अश्रू हजर!

एवढ्यावरून मी या चेहऱ्यांना खोटे ठरवून मोकळा झालो असतो. पण शाळेतल्या एका प्रकरणाने मला तसे करू दिले नाही.

आठवीतल्या एका मुलाची आई शाळेतच पोषण आहाराची खिचडी शिजविते. मुलांनी आपसांत मोबाइलवर एक गट केला होता. एके दिवशी त्यावर कोणी तरी त्या खिचडीवरून आणि मग त्या माउलीवरून विनोद केला. त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. आणि त्या रांगेत शेवटचा चेहरा त्या मुलाचा स्वतःचा होता. तसाच हसणारा.

पुढे चार दिवस तो जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन रांगेत उभा राहिला नाही, तेव्हा मला हे कळले. विनोद करणाऱ्याला मी विचारले. तो म्हणाला, ‘‘सर, मी थट्टा केली. पुढे हसरा चेहरा टाकला होता ना!’’ आणि त्या मुलाला विचारले, ‘‘तू का रे हसलास?’’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘नाही तर अजून बोलले असते, सर. आणि आईला कळलं असतं.’’

आता पाहा. थट्टा करणारा खरोखरच हसला होता. त्याचा चेहरा खरा. हा मुलगा हसला नव्हता. त्याचा चेहरा खोटा. सत्यासत्याचा तराजू घेऊन बसलो, तर दोष या मुलाच्या पदरात पडतो! ज्या तराजूचा काटा असा भलतीकडे झुकतो, तो तराजू या प्रश्नाला उपयोगाचा नाही, हे मला त्या दिवशी पटले.

चेहरा खरा की खोटा हे विचारण्याआधी, तो कोणाला राखण्यासाठी धाडला हे विचारले पाहिजे. फाह्लमन यांनी तो हसरा चेहरा काढला तो ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून. त्या थट्टेखोर मुलाने तोच चेहरा बोलणाऱ्याच्या अंगाला काही लागू नये म्हणून वापरला. टोचून बोलावयाचे आणि पुढे हसू लावून हात झटकावयाचे. दुखावलेल्याने तक्रार केली, तर ‘तुला थट्टा कळत नाही’ म्हणून त्यालाच दोष द्यावयाचा. समोरासमोर हे इतके सोपे नसते. समोरच्याचा पडलेला चेहरा दिसतो, आणि आपले हसू आपोआप विरते. मोबाइलवर आपले हसू जाते, पण त्याचा पडलेला चेहरा परत येत नाही. येतो तो त्याने आपल्यासाठी उसना घेतलेला.

याच्या उलटही पाहिले आहे. आमच्या आळीत एक आजी आहेत. लिहिणे त्यांना जेमतेम येते. पुण्याच्या मुलाला त्या रोज सकाळी एक पणती आणि जोडलेले हात पाठवितात. एका सकाळी पणती गेली नाही, तर अर्ध्या तासात मुलाचा फोन शेजाऱ्यांकडे आला. आजींना ताप भरला होता. त्या पणतीत अक्षर एकही नव्हते; पण ‘मी बरी आहे, तू सुखी राहा’ हे सारे तीत रोज पोहोचत होते. अशा चित्राला तयार माल म्हणण्याची माझी छाती नाही.

तेव्हा या चेहऱ्यांचा त्याग करा, असे मी सणासुदीच्या दिवशी सांगणार नाही. मुलांना मी एवढेच सांगतो, की बोट टेकविण्यापूर्वी तो माणूस समोरच्या बाकावर बसला आहे असे समजा आणि मग हेच हसू त्याच्याकडे पाहून हसता येईल का, ते ठरवा. आणि कोणाच्या घरी दुःख झाले असेल, तर अश्रूंची रांग धाडण्याऐवजी स्वतःचे एक वाक्य लिहा. वेडेवाकडे असले तरी चालेल.

तो मुलगा आता जेवणाच्या रांगेत उभा राहतो. थट्टा करणारा त्याच्या पुढे असतो. त्याने माफी मागितली ती मोबाइलवर नव्हे; खिचडीच्या पातेल्यापाशी, त्या बाईंच्या समोर उभे राहून. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे होते, त्याचे चित्र अजून कोणी काढलेले माझ्या पाहण्यात नाही.