आकडा पाठवताना

सर्व्हरकडून ब्राउझरला एखादा आकडा पाठवणे हे वेबवरचे अगदी साधे काम दिसते. पण एचटीटीपीच्या उत्तरातून जातात ती अक्षरे. त्यांचा अर्थ आकडा असा घ्यायचा, हे पलीकडच्या प्रोग्रामला कळावे लागते. त्यासाठी बहुधा जेसन (JSON) ही मजकुराची मांडणी वापरतात. तिचे नियम सांगणाऱ्या 2006 च्या आरएफसी 4627 या दस्तऐवजाप्रमाणे जेसन मजकुरात सर्वांत वर ऑब्जेक्ट किंवा ॲरेच लागे. 2014 च्या आरएफसी 7159 पासून नुसता 65 हाही पूर्ण जेसन मजकूर ठरतो. तरी फ्लास्क या पायथन फ्रेमवर्कमध्ये फंक्शनने थेट पूर्णांक परत केला तर एरर येतो. त्याचे आधी जेसन करून द्यावे लागते.

खरी जबाबदारी त्यापुढची आहे. परभणी जिल्ह्यातला पाऊसच घ्या. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि पीक नुकसानीची मदत ठरवताना हा निकष पाहिला जातो. जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या मंडळात 65.2 मिलिमीटर पाऊस पडला आणि सर्व्हरने पूर्णांक करून 65 पाठवला, तर ‘65 पेक्षा जास्त’ ही अट खोटी ठरते. म्हणून मोजलेला आकडा जसाच्या तसा पाठवावा. दशांश कमी करायचे तर पडद्यावर दाखवताना करावेत.

शून्य आणि नोंद नसणे यांतला फरकही जपावा लागतो. पाऊस पडला नाही तर 0, पर्जन्यमापकाची नोंदच आली नाही तर नल (null), म्हणजे ‘किंमत नाही’. जावास्क्रिप्टमध्ये नलचे संख्येत रूपांतर केले की 0 मिळतो, आणि बंद पडलेले यंत्र कोरडा दिवस सांगू लागते. उलट ‘किंमत आहे का’ एवढीच तपासणी केली, तर खरा शून्यही ‘नोंद नाही’ म्हणून बाजूला पडतो. दोन्हींसाठी नलची वेगळी तपासणी हवी.

देवनागरी अंकांतला ‘६५’ सर्व्हरने पाठवला, तर जावास्क्रिप्टचे संख्या-रूपांतर त्याला ओळखत नाही. मराठी अंक आणि लाखांचे स्वल्पविराम ब्राउझरमध्येच लावावेत. परभणीचा एसटीडी कोड 02452 मात्र मजकूर म्हणूनच जावा. संख्या केली की सुरुवातीचा शून्य गळतो.

पानावर किती मंडळे आहेत, एवढेच सांगायचे असेल तर एकटा आकडा पुरतो. पावसासारख्या मोजमापाबरोबर मंडळाचे नाव, एकक आणि 24 तास कधी संपले ती वेळ, हे सारे एकाच ऑब्जेक्टमध्ये पाठवावे. तेव्हाच शेतकऱ्याला आपल्या मंडळाची नोंद तपासून पाहता येते.