नोंद कोणासाठी?

गंगापूर वा वैजापूर तालुक्यात शेतजमीन घ्यावयाची झाली की शहाणा माणूस आधी सातबारा पाहतो. जमीन कोणाच्या नावावर आहे, 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा वा सोसायटीचा बोजा आहे काय, हे त्यावरून कळते. हा उतारा कोणीही पाहू शकतो आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. नोंद उघडी नसती, तर एकच जमीन दोघांना विकणाऱ्या लबाडाचे फावले असते.

आपली मुले आज निराळ्याच जागा नावावर करून घेत आहेत. इंटरनेटवर संकेतस्थळ उघडण्यासाठी डोमेन नाव नोंदवावे लागते. 2014 पासून 'डॉट भारत' हे नाव देवनागरीतही घेता येते. नोंदणी करताना आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक द्यावा लागतो. ही माहिती पाहण्याच्या सोयीला 'हूइज', म्हणजे 'कोण आहे?', असे नाव पडले. 1982 साली तिची पद्धत लेखी ठरली, तेव्हा हे जाळे अमेरिकेतील संशोधकांच्या लहानशा वर्तुळापुरते होते. ते सारे एकमेकांच्या माहितीतले होते. पुढे जाळे जगभर पसरले. वही मात्र तशीच उघडी राहिली.

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील एक भगिनी घरी केक करून विकते आणि त्यासाठी संकेतस्थळ उघडते. तिचे दुकान म्हणजेच तिचे घर. उघड्या नोंदीमुळे तिचा पत्ता जाहिरातदारांच्या हाती पडतो, तसाच तिच्या मागावर असलेल्या एखाद्या विकृत माणसाच्याही हाती पडतो. अन्यायाविरुद्ध निर्भयपणे लिहिणाऱ्याचेही तेच. 2018 साली युरोपीय संघाचा माहिती संरक्षण कायदा लागू झाल्यावर व्यक्तींचे तपशील मोठ्या प्रमाणावर झाकले गेले. आता ते हवे असल्यास बहुधा कारण सांगून मागावे लागतात.

परंतु पडद्याआड केवळ निरपराधच लपतात असे नाही. नोकरीचे आमिष दाखवणारे, बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन ठेवी लुबाडणारेही तेथेच दडतात. फसवणारा कोण हेच ठाऊक नसल्याने आपल्या न्यायालयांत अशा अज्ञात प्रतिवादीला 'अशोक कुमार' हे नाव देऊन दावे लावले जातात. ज्याची आयुष्यभराची पुंजी गेली, त्याला खाजगीपणाच्या गोष्टी सांगणे क्रूरपणाचे ठरेल.

मग नोंद उघडी असावी की झाकलेली? मला वाटते, हा प्रश्नच अपुरा आहे. नोंद कोणासाठी व कशासाठी, हे आधी विचारले पाहिजे. 1867 च्या कायद्याने प्रत्येक नियतकालिकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक झाले. जो लोकांपुढे शब्द ठेवतो, त्याने त्या शब्दाला उत्तरदायी असावे, हे त्यामागील तत्त्व योग्यच आहे. मात्र उत्तरदायी असणे वेगळे आणि उघड्यावर पडणे वेगळे. संपादकापर्यंत पोहोचता आले की पुरे. त्याची मुले कोणत्या शाळेत जातात हे वाचकाला कळण्याचे कारण नाही.

हा विवेक ख्रिस्तसभेच्या व्यवहारातही आहे. स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामात असाव्यात, असे 1983 च्या कॅनन लॉचे 535 वे कलम सांगते. त्या परक्यांच्या हाती पडू नयेत, ही ताकीदही तेच कलम देते. कोणाचे दत्तकविधान, कोणाची अविवाहित माता, अशा गोष्टी त्या पानांवर असतात. विवाहासाठी दाखला मागणाऱ्याला त्याचा दाखला मिळतो. वही मिळत नाही. डोमेन नावांच्या नोंदीलाही हाच न्याय लावावा. नोंद खरी व पूर्ण असावी, अन्यायग्रस्ताला व न्यायालयाला ती वेळेवर मिळावी. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी मात्र संपर्काचे एक दार पुरे.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तरीही 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाने स्वतः जाहीर केलेली, तसेच कायद्यानुसार जाहीर करावी लागलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे जे एकदा उघडे झाले, त्याच्या वापराला हा कायदा आवर घालीत नाही. तेथे पाहणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धीच काय ती उरते.

म्हणून कोणाचीही नोंद शोधण्यापूर्वी स्वतःला विचारावे: मी कोणाला वाचवण्यासाठी शोधतो आहे, की कोणाला गाठण्यासाठी? पैसे भरण्यापूर्वी समोरचा खरा आहे काय हे पाहणे शहाणपणाचे आहे. मुलांना ते जरूर शिकवावे. पण केवळ कुतूहलापोटी शेजाऱ्याचा पत्ता खणून काढणे आणि तो चारचौघांत वाटणे हे माहिती खरी असली तरीही पापच. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण पाळतो. शेजाऱ्याविषयीचे सत्यही जपून हाताळावे, हे त्याच आज्ञेचे मागणे आहे.