कुंपणाखालून

आज मननासाठी जागा जरा वेगळी घेऊ. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारातला कचरा डेपो. वास येईल, येऊ द्या. डोळे मिटा आणि पावसाचा एकच थेंब मनात धरा.

तो ढिगावर पडला आहे. त्याच्याबरोबर सावकाश खाली उतरा. कुजलेल्या भाजीतून, राखेतून, कुणीतरी फेकलेल्या जुन्या सेलमधून. जे विरघळेल ते सोबत घेत तो काळा होत जातो. अहवालात याला लीचेट म्हणतात. जुन्या उघड्या डेपोंना तळाशी अस्तर घालायची पद्धत नव्हती, त्यामुळे कचरा संपला की थेट मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण.

इथे थांबा. पाषाण म्हटलं की आपल्याला अभेद्य वाटतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मात्र लाव्हा थंड होताना भेगा पडल्या आहेत, दोन थरांमध्ये भुसभुशीत पट्टे आहेत. पाणी त्यांतून वाट काढतं. म्हणून एक विहीर बिघडते आणि हाकेच्या अंतरावरची गोड राहते. ‘शेजाऱ्याच्या विहिरीला तर काही झालं नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून ऐकवलं जातं. इथल्या खडकात तो पुरावा ठरत नाही.

मग पाण्यालाच विचारायचं. त्यासाठी निरीक्षणाच्या बोअर घेतात. निदान एक उताराच्या वरच्या अंगाला, बाकीच्या खालच्या. क्षार शेतातल्या खतातून, गोठ्यातून, सांडपाण्यातूनही येतात, म्हणून वरची बोअर नसेल तर खालच्या आकड्याचा अर्थच लागत नाही. आधी पातळी मोजायची. मग साचलेलं पाणी उपसायचं, बोअरमध्ये असेल त्याच्या साधारण तिप्पट, आणि ताजं पाणी आल्यावरच बाटली भरायची. मला या कामातला सर्वांत मोलाचा भाग हा थांबण्याचाच वाटतो, आणि घाईत तोच गाळला जातो.

बाटलीत आधी क्लोराइड पाहा. ते मातीला फारसं चिकटत नाही, वाटेत विघटनही पावत नाही. पाण्याबरोबर सर्वांच्या आधी पोचतं. पिण्याच्या पाण्यात त्याची इष्ट मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. आकडा मर्यादेत असला तरी उठू नका. गेल्या वर्षी याच ऋतूत तो किती होता, हा प्रश्न मनात घोळू द्या.

आता एक श्वास सोडा आणि वायूकडे वळा. हवेविना कुजणाऱ्या कचऱ्यातून येणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन असतो. शुद्ध मिथेनला वास नाही. हवेत तो 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते.

तो सरळ वर जाईल असं आपण गृहीत धरतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या लॉस्को गावी कचऱ्याने भरलेली जुनी खाण वरून मातीने झाकली होती. वरची वाट अडल्यावर वायू खडकातून आडवा सरकला आणि सुमारे 70 मीटरवरच्या एका बंगल्याखाली साचला. 24 मार्च 1986 ला, काही तासांतच हवेचा दाब 29 मिलिबारने उतरला होता. दाब उतरला की जमिनीतला वायू बाहेर ओढला जातो. सकाळी स्फोट झाला, घर कोसळलं, आतली तिघं गंभीर जखमी झाली.

यावर थोडा वेळ बसा. वायूचं माप घेताना शेजारी हवेचा दाब लिहिला नसेल, तर ‘शून्य’ या नोंदीवर विसंबू नये. दाब उतरायला आपल्याकडे वादळच लागतं असं नाही. एरवीही सकाळी दहाच्या सुमारास चढलेला दाब दुपारी चारपर्यंत थोडा खाली येतो. माप घ्यायचं ते तेव्हा.

2016 च्या घनकचरा नियमांनी भराव क्षेत्राच्या हद्दीपासून 50 मीटरपर्यंतच्या भूजलाची वेगवेगळ्या ऋतूंत तपासणी सांगितली, आणि भराव बंद झाल्यावरही निदान 15 वर्षं देखरेख. ढिगावर हिरवळ लावून फीत कापली की हिशेब संपत नाही.

तुमच्या शिवाराजवळ असा डेपो असेल, चालू किंवा बंद, तर तपासणीचा अहवाल मागा. त्यात तीन गोष्टी शोधा: वरच्या अंगाच्या बोअरचा आकडा, नमुन्याची तारीख आणि वायूच्या मापाशेजारी हवेचा दाब. एखादा रकाना कोरा असेल तर तो का कोरा आहे, याचं उत्तर लेखी घ्या.