अर्जदाराचा कर्मयोग

वर्षानुवर्षे नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाला आपल्याकडे जो उपदेश वारंवार ऐकावा लागतो तो गीतेच्या नावाने केलेला असतो: कर्म करीत राहावे, फळाची आशा धरू नये. उपदेश थोर आहे याविषयी वाद नाही. परंतु ज्याच्या घरी फळाची निकड आहे, ज्याच्या वयाची मुदत सरकारी नियमाने बांधलेली आहे आणि ज्याचा प्रत्येक अर्ज फळासाठीच केलेला आहे, त्याने फलाशा सोडावी म्हणजे नेमके काय सोडावे, हा प्रश्न उपदेशकाने स्वतःला विचारलेला असतोच असे नाही. तो विचारल्यावाचून निष्काम कर्माचे तत्त्व दुःखिताला धीर देत नाही, केवळ त्याचे तोंड बंद करते.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात, पतिपत्नी मिळून एक कोयता मानला जातो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गावी परततात तेव्हा उचल फिटलेली असेलच याची शाश्वती नसते. अशाच घरांतली मुलेमुली बीड, अंबाजोगाई, माजलगाव येथील अभ्यासिकांत रात्री जागवतात, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावण्याचा सराव करतात, आणि एका नेमणुकीच्या हुकुमाने आईच्या हातचा कोयता खाली ठेवला जाईल या इच्छेवर दिवस काढतात. ही इच्छा आसक्ती नव्हे. ती मातृऋणाची जाणीव आहे. जी इच्छा धर्मातूनच उत्पन्न झाली ती टाकून द्या असे सांगणे मला धर्मबाह्य वाटते.

मग टाकावयाचे ते काय? माझ्या अल्प मतीप्रमाणे, निकालाला आपण दोन फळे जोडलेली असतात. एक फळ ती जागा, तो पगार. दुसरे फळ स्वतःच्या योग्यतेविषयीचा निवाडा. पहिल्याची इच्छा न्याय्य आहे. दुसऱ्याचा त्याग अवश्य आहे, आणि तो केवळ धीरासाठी नव्हे, सत्यासाठी. 2023 सालच्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे दोनशेहून अधिक अर्जदारांमागे एक जागा पडली. त्या सर्वांनी सारख्याच निष्ठेने अभ्यास केला असता, सर्वांची बुद्धी सारखीच प्रखर असती, तरीही निवड 4,644 जणांचीच झाली असती. तेव्हा जी यादी मुख्यतः जागांचे दुर्भिक्ष सांगते तिच्यात आपल्या पुरुषार्थाचा निवाडा वाचणे ही अज्ञानाची गोष्ट होय. यादीत नाव नाही एवढेच यादी सांगते. आपण निरुपयोगी आहोत हे तिने सांगितलेले नसते, ते आपण, आणि दुर्दैवाने कित्येकदा आपले सोयरे, तिच्यात घालतो.

अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे त्या दासोपंतांचे चरित्र या संदर्भात मला मननीय वाटते. परंपरा सांगते की त्यांचे वडील दिगंबरपंत देशपांडे यांच्याकडून दुष्काळामुळे वसुलाचा भरणा झाला नाही, तेव्हा बीदरच्या बादशहाने कोवळ्या वयाच्या दासोपंतांना ओलीस ठेवले आणि भरण्याला महिन्याची मुदत घातली. मुलाने दत्तात्रेयाचा धावा केला; आणि मुदत संपताना दत्ताजी पाडेवार नावाच्या एका माणसाने, श्रद्धेप्रमाणे त्या रूपातल्या दत्तात्रेयानेच, येऊन सारी रक्कम भरली. पुढे त्याच दासोपंतांनी माहुरास बारा वर्षे अनुष्ठान केले आणि गोदातीरी राक्षसभुवनास त्यांना साक्षात्कार झाला, असे मानतात. कथेचे ऐतिहासिक प्रामाण्य काय ते संशोधकांनी ठरवावे; तिच्यातला विचार मात्र स्पष्ट आहे. मुलाने फलत्याग केला नाही, सुटका मागितली, आणि परंपरेने त्या मागण्याला कमी प्रतीची भक्ती ठरविले नाही. शिवाय त्याला मिळाले ते सहनशीलतेचे प्रवचन नव्हे. दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने भरणा केला, आणि तोही गावगाड्यात ज्याला सर्वांत खालचे स्थान दिले जाई अशा सेवकाच्या रूपाने.

उत्तरायुष्यात दासोपंतांनी गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला ‘गीतार्णव’ रचला, आणि सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले; ती पासोडी अंबाजोगाईस आजही जतन केलेली आहे. एवढे लेखन कोणा परीक्षकाच्या शेऱ्यावर दृष्टी ठेवून होत नाही. त्या दिवसाचे काम त्या दिवशी पुरे झाले, हे समाधान ज्याला पुरते त्याच्याच हातून ते होते. अर्जदाराचा कर्मयोग मला येथे दिसतो. निकाल वर्षाने लागतो, कधी भरतीच लांबणीवर पडते. परंतु आज समजलेले एक प्रकरण, धाकट्या भावंडाला शिकविलेले गणित, घरच्या शेतात किंवा मिळेल त्या कामावर घालविलेला प्रामाणिक दिवस, यांचे फळ कोणत्याही यादीवर अवलंबून नसते. जो असा दिवस पुरा करतो त्याचा उत्साह निकालाच्या हाती उरत नाही. आणि याच न्यायाने, वयाची मुदत सरण्याआधी विचारपूर्वक दुसरी वाट धरणे हा पराभव नव्हे; ज्याने आपली योग्यता एका पदाला गहाण टाकलेली नाही, त्यालाच वाट बदलण्याचे स्वातंत्र्य असते.

तथापि सारा भार अर्जदाराच्याच मनोधैर्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. याच महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात काम मागणाऱ्या हातांना काम देण्याची योजना विस्तारली, 1977 साली तिला कायद्याचे रूप दिले, आणि तिच्या खर्चासाठी 1975 पासून नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर कर बसविला. काम मागणे ही याचना नसून हक्क आहे, आणि ज्याला काम आहे त्याने ज्याला नाही त्याच्यासाठी भरणा करावा, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. दत्ताजी पाडेवाराच्या कथेतला धर्मही याहून निराळा नाही. म्हणून ज्याला पगार आहे त्याने नातलगांतील बेकार तरुणाला ‘काय झालं निकालाचं?’ असे चारचौघांत विचारण्यापेक्षा त्याची खानावळ एक महिना चालवावी, पुस्तके द्यावीत, माहितीतल्या कामासाठी त्याचे नाव सुचवावे. जागा वाढविणे आणि भरती वेळेवर व निष्कलंक करणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, आणि त्याचा तगादा आपण सर्वांनी लावला पाहिजे. निवाड्याचा त्याग अर्जदाराने करावा. त्याच्या फळाची चिंता मात्र आपण वाहावी. गीतेचा उपदेश त्याला करण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच प्राप्त होतो.