चाबी अंदर राह्यली!

परक्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी सावलीत बसून सोडवला असेल. माझ्यापुढे तो मे महिन्यात, भर दुपारी, मूर्तिजापूरच्या अलीकडे येऊन पडला.

अमरावतीहून अकोल्याला मेव्हण्याच्या मुलाच्या साखरपुड्याला निघालो होतो. रस्ता नामांकित. जून २०२२ मध्ये इथे ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. त्याच विक्रमी रस्त्यावर मी चहाला उतरलो, सवयीने खटका दाबला आणि दार लोटले. किल्ली आत लटकत मला वाकुल्या दाखवू लागली. मोबाइल सीटवर. विमावाल्यांचा मदतीचा नंबर मोबाइलमध्ये. दुसरी किल्ली? ती तर मी फारच जपून ठेवली होती, गाडीच्याच खणात!

वास्तविक आम्ही बँकेतली माणसे. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांच्या ताब्यात आणि डुप्लिकेट दुसऱ्या शाखेत, हे आम्हाला पाठ. "तुमच्या बँकेत पैसे ठेवावे की काढावे, याचा आता विचार केला पाहिजे," ही म्हणाली.

तेवढ्यात समोरचा पंक्चरवाला आला. "काऊन भाऊ, चाबी अंदर राह्यली काय?"

"हो ना!"

"होते बाप्पा. थांबा."

त्याने एक लोखंडी पट्टी आणली, काच आणि रबराच्या फटीत सरकवली, डॉक्टरसारखा कान दिला आणि कट्! दार उघडले. मी शंभराची नोट पुढे केली. तो म्हणाला, "कायचे पैसे? पंक्चर थोडंच काढलं!"

गाडी सुरू करताना मला एकदम दचकायला झाले. ही गाडी माझीच कशावरून, हे त्याने विचारलेच नव्हते. विचारले असते, तर तिचे सगळे कागद तिच्याच पोटात! काच खाली करून मीच त्याला म्हणालो, "अहो, मी चोर असतो तर?"

"चोर असा टपावर डोकं टेकून रडते काय?"

म्हणजे त्याने तपासणी केली होती. फक्त कागदाची नव्हे, माणसाची.

मग मला आठवली आदल्या आठवड्यातली आजी. खेड्यावरून पेन्शनसाठी आली होती. पासबुक पेटीत आणि पेटीची किल्ली घेऊन सून माहेरी. "मले ओळखतेस ना बाबू?" सहा वर्षांपासून ओळखत होतो. तरी म्हणालो, "आजी, नियम आहे. पासबुक आणा." ती उन्हात एस.टी. स्टँडकडे गेली.

नियम वाईट नाही. तो नसता, तर आजीचे पैसे भलत्यानेच उचलले असते. पण संगणकात तिचा फोटो होता, अंगठा होता. साहेबांची एक सही आणायला उठावे लागले असते, इतकेच. मी उठलो नाही. जेवायची सुट्टी जवळ आली होती. मी नियम पाळला नव्हता, नियमाआड लपलो होतो. आणि त्या नियमाचे नाव काय, तर 'आपल्या ग्राहकाला ओळखा'!

याच मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला, गाडगेबाबा आजोळी वाढले. गावात शिरले की आधी खराटा, मग भाकर. नाव-गाव सांगणे नंतर. पंक्चरवाल्यानेही आधी पट्टी आणली. नाव तर त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पुढच्या महिन्यात आजी आली. यावेळी उठायचेच, असा मी निश्चय केला होता. पण तिने संधीच दिली नाही. फडक्यात बांधलेले पासबुक सोडून तिने माझ्या नाकासमोर धरले आणि विचारले, "आता ओळखलं काय रे बाबू मले?"