न वाचलेल्या कागदावर सही

पुढचा संवाद असाच्या असा कुठे झालेला नाही. अण्णामामा निवृत्त अभियंते आणि फ्रीमेसन या बंधुसंस्थेच्या मुंबईतल्या एका लॉजचे, म्हणजे शाखेचे, जुने सभासद. मृणाल त्यांची भाची, व्यवसायाने वकील. तिच्या नवऱ्याने, केदारने, लॉजमध्ये यायची इच्छा मामांकडे बोलून दाखवली आहे. मृणालला ते फारसं रुचलेलं नाही आणि ती ते लपवतही नाही.

मृणाल: मामा, सरळच विचारते. आत जे कळेल ते बाहेर सांगणार नाही, अशी शपथ केदारला घ्यावी लागणार. काय कळणार आहे, ते मात्र शपथ घेतल्यावरच कळणार. असा करार घेऊन एखादा अशील माझ्याकडे आला तर मी त्याला म्हणेन, सही करू नका, घरी जा.

अण्णामामा: शपथेच्या आधी काय होतं ते विसरतेस. तुझ्या नागरिक म्हणून, माणूस म्हणून किंवा धर्माने असलेल्या कर्तव्यांच्या आड येईल असं या शपथेत काही नाही, हे लॉजचा प्रमुख, म्हणजे मास्टर, स्वतः उमेदवाराला सांगतो. मग विचारतो, तयार आहेस का?

मृणाल: ही हमी देतो कोण? ज्याला आतलं ठाऊक आहे तोच. आणि तोही शपथेने बांधलेला. हमी खरी की खोटी हे तपासायला तिसरा माणूस नाही.

अण्णामामा: तिसरा माणूस मी आहे. केदार मास्टरच्या शब्दावर येत नाहीये, माझ्याकडे बघून येतोय. आणि बाई, सप्तपदीला पावलं टाकताना तू काय काय कबूल करत होतीस ते कळत होतं का तुला?

मृणाल: नव्हतं कळत. पण अख्खा मांडव बघत होता, मंत्र पुस्तकात छापलेले आहेत, आणि नाहीच जमलं तर फॅमिली कोर्ट आहे. तुमच्याकडे यातलं काय आहे?

अण्णामामा: छापलेलं आहे की! १७३० साली लंडनमध्ये सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने सगळा विधी प्रश्नोत्तरांसकट छापून टाकला. आता तर मोबाइलवरसुद्धा मिळतो.

मृणाल: मिळतो. मी वाचला. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरीचा फास, छाती उघडी, एक गुडघा उघडा, छातीला लावलेलं टोकदार शस्त्र. जवळजवळ तीनशे वर्षं जे कोणालाही विकत मिळतंय ते गुपित म्हणून जपायचं, यात मला प्रामाणिकपणापेक्षा हौसच जास्त दिसते.

अण्णामामा: अंगावरचा धातू आणि पैसे आधीच काढून ठेवायला लावतात, तेही वाचलंस?

मृणाल: वाचलं. आणि नंतर त्याला विचारतात, गरजूंसाठी काही देशील का? त्याच्याकडे तर काहीच नसतं.

अण्णामामा: तू वाचलंस. माझा मात्र हात खिशाकडे गेला होता. तेव्हा मला बरा पगार होता, मागेल त्याला देण्याची ऐपत होती, तसा थोडा ताठाही होता. आणि भरल्या सभेत म्हणावं लागलं, माझ्याकडे काही नाही. मग सांगतात, एखादा भाऊ कधी या अवस्थेत समोर आला तर आजचा दिवस आठव. ज्याला हे आधी माहीत असेल त्याचा हात खिशाकडे जाणारच नाही. तो मनात म्हणेल, हां, आता ते दानाचं विचारतील. आम्ही जपतो ते एवढंच.

(मामांनी इथे शपथ मोडली का? मृणालला आधीच माहीत होतं म्हणून नाही मोडली, असं म्हणता येईल. पण मग शपथ नक्की कशाची उरते, हा मृणालचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. मला तर वाटतं, मामांना ते सांगायचंच होतं.)

मृणाल: पटलं, अर्धं. पण एवढ्यासाठी विनंती पुरे की. नाटकाचा शेवट सांगू नका म्हटलं की लोक नाही सांगत. तुमच्या शपथेत तर गळा चिरण्याची शिक्षा होती.

अण्णामामा: ती प्रतीकात्मक होती. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ साली शपथेतून काढून टाकली.

मृणाल: म्हणजे १९८६ पर्यंत होती. बरं, तुमच्या त्या खिशाकडे गेलेल्या हाताबद्दल. १९५९ मध्ये अॅरन्सन आणि मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. कॉलेजच्या मुलींना एका चर्चागटात घ्यायचं होतं. काहींना आधी सगळा लाजिरवाणा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. मग गटाची चर्चा ऐकवली, आणि ती मुद्दाम कंटाळवाणी ठेवलेली. सगळ्यात जास्त लाज ज्यांनी सोसली होती त्यांना तीच चर्चा सगळ्यात जास्त आवडली. आपण एवढं सोसलं ते फुकट गेलं, हे मन कबूल करत नाही. तुमचं लॉजवरचं प्रेम याच जातीचं नाही कशावरून?

अण्णामामा: असेलही थोडं. पण सोसायला लावलं म्हणून प्रेम बसतं, एवढंच खरं असतं तर सगळे तुरुंग प्रेमाने भरले असते.

मृणाल: तुरुंग सोडा, हॉस्टेलं बघा. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदा केला. रॅगिंग करणारी मुलं काय सांगतात? यातून जवळीक होते. आणि होते, मामा, खरंच होते. मला भीती वाटते ती त्याचीच. जवळीक झाली म्हणजे रीत चांगली, असं होत नाही.

अण्णामामा: तिथे वरचा हसतो, खालचा रडतो. आमच्याकडे पट्टी बांधलेल्या माणसाचा हात धरून चालवणारा एक जण सतत बाजूला असतो. आणि तिथे बसलेला प्रत्येक जण, मास्टरसकट, कधीतरी त्याच दोरीत उभा राहिलेला असतो.

मृणाल: रॅगिंग करणाराही आदल्या वर्षी तिथेच उभा होता. पण हात धरणाऱ्याचा मुद्दा मी ठेवून घेते.

अण्णामामा: तुला गुप्ततेचं मूळ सांगतो. मेसन म्हणजे मुळात पाथरवट. सतराव्या शतकात स्कॉटलंडच्या पाथरवटांचा एक परवलीचा शब्द असायचा. कारागीर कामासाठी गावोगाव फिरायचा, जवळ दाखला नाही की ओळखपत्र नाही. तो शब्द माहीत असला की शिकलेला कारागीर म्हणून त्याला कामावर घ्यायचे.

मृणाल: म्हणजे ते गुपित पोटाचं होतं. शब्द फुटला की मजुरी बुडाली. मला मान्य आहे. पण हातोडा-छिन्नी गेली, उच्चभ्रू मंडळी आत आली आणि शब्द तेवढा राहिला. मजुरी नाही तिथे शब्द कशाला?

अण्णामामा: १८४३ च्या मुंबईसाठी. माणेकजी करसेटजी नावाच्या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या गोऱ्यांच्या लॉजने घेतलं नाही. ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले! मग जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने इथे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली, आपल्या लोकांना आत घेता यावं म्हणून. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांना हिंदू असल्यामुळे वर्षानुवर्षं झगडावं लागलं, १८७२ मध्ये प्रवेश मिळाला. जिथे साहेबाच्या क्लबात आपल्याला पाय ठेवता येत नव्हता, तिथे साहेब आपल्याला ‘ब्रदर’ म्हणत होता. ते दार बंद होतं म्हणून म्हणू शकला. चारचौघांत नसता म्हणाला.

मृणाल: आणि दार उघडून बाहेर आला की? किपलिंग लाहोरच्या लॉजमध्ये होता. ‘द मदर लॉज’ या कवितेत तो हेच सांगतो, बाहेर सलाम आणि साहेब, आत बंधू. आणि जात मोडू नये म्हणून एकत्र जेवण नाही. तो हे मोठ्या मायेने लिहितो. मी वाचते तेव्हा मला ती कबुली वाटते. महिन्यातली एक संध्याकाळ समतेची मिळाली की उरलेल्या दिवसांची टोचणी कमी होते. बंद दाराने समता वाचवली म्हणता, मी म्हणते तिला कोंडून ठेवलं.

अण्णामामा: कोंडलेली का होईना, होती ना? नसण्यापेक्षा?

मृणाल: हे मला ठरवता येत नाही. पण नाकारण्याचंही बोला. तुमच्याकडे मतदान कसं होतं?

अण्णामामा: पेटीत गोळ्या टाकतात. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. काळी पडली की विषय संपला. कोणी टाकली, का टाकली, हे विचारायचं नाही.

मृणाल: म्हणजे गुप्ततेच्या आत आणखी एक गुप्तता. आणि तिला प्रतीक म्हणून सोडून देता येत नाही, तिने खरी माणसं बाहेर राहतात.

अण्णामामा: हे मला कधीच आवडलं नाही. पण एक फरक लक्षात घे. १७९९ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुप्त शपथा घेणाऱ्या संस्थांवर बंदी आणली. मेसनांना सूट दिली ती एका अटीवर, दरवर्षी सभासदांची नावं सरकारकडे द्यायची. तो कायदा १९६७ पर्यंत होता. आम्ही विधी लपवतो, माणसं लपवत नाही. केदार उद्या सगळ्या गल्लीला सांगू शकतो की मी मेसन आहे.

मृणाल: हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण इटलीत उलटं झालं. १९८१ मध्ये लिचो जेल्ली या लॉजप्रमुखावर धाड पडली आणि त्याच्या ‘प्रोपागांदा दुए’ लॉजची यादी सापडली. ९६२ नावं. मंत्री, सेनाधिकारी, गुप्तचर खात्यांचे प्रमुख, पत्रकार. सरकार कोसळलं.

अण्णामामा: ती लॉज तिथल्या मेसनांच्या वरिष्ठ संस्थेने, ग्रँड ओरिएंटने, १९७६ मध्येच स्थगित केली होती.

मृणाल: आणि तरी ती चालू राहिली, कारण गप्प बसायची सवय तयार होती. असो. विधी लपवला तर खेळ, यादी लपवली तर धोका. सूत्र छान आहे, पण नाशिकला अडतं. तिथली क्रांतिकारकांची मित्रमेळा, मग १९०४ पासून अभिनव भारत. नमुना मॅझिनीच्या ‘तरुण इटली’चा. शपथ होती आणि यादीही लपवलेली होती. त्यांनी नावं कलेक्टर कचेरीत द्यायला हवी होती?

अण्णामामा: काहीतरीच काय!

मृणाल: मग प्रश्न यादीचाही नाही. लपवणाऱ्याच्या हातात सत्ता आहे की मानेवर, हा आहे. मानेवर असेल तर लपणं भागच आहे. हातात असून लपवत असेल तर तो कट.

अण्णामामा: सरकारने नाशिकच्या खटल्यालाही कटाचाच खटला म्हटलं, बरं का. पण समजलं मला. आता माझं ऐक. नाशिकच्या पोरांची शपथ मोडली की माणसं अंदमानला जात होती. तिथे शब्द पाळायला भीतीही पुरेशी होती, निष्ठाही. आमचं गुपित फुटलेलंच आहे, ते सांगितल्याने कोणाचं काही बिघडत नाही. अशा फुकटच्या गोष्टीतही जो शब्द पाळतो, त्याला मी माझ्या घराची किल्ली देईन. गुपिताची किंमत शून्य असली की उरतो तो फक्त पाळणारा.

मृणाल: मामा, हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा आणि सगळ्यात भयंकर पण हाच. १८२६ साली न्यूयॉर्क राज्यात विल्यम मॉर्गन नावाचा माणूस हेच शून्य किमतीचं गुपित छापायला निघाला होता. त्याला उचलून नेलं. पुन्हा तो कोणाला दिसला नाही. पुढे वर्षानुवर्षं खटले चालले आणि खरं काय झालं ते बाहेर आलंच नाही. किरकोळ गोष्टीवर गप्प बसायला शिकवलेली माणसं मोठ्या गोष्टीवरही गप्प बसतात. तेव्हा अमेरिकेत इतका गदारोळ झाला की हार्वर्डच्या ‘फाय बीटा कॅपा’ या गुणवंत विद्यार्थ्यांच्या संस्थेने १८३१ मध्ये आपली गुप्तता टाकून दिली. काय बिघडलं? ती संस्था आजही आहे.

अण्णामामा: आहे. चांगले मार्क पडले की मिळते. तिथला सभासद दुसऱ्या सभासदाच्या मयताला खांदा द्यायला जातो का गं?

(यावर मृणाल बराच वेळ बोलली नाही. मामी गेल्या तेव्हा लॉजची माणसं मामांकडे किती दिवस येत होती, हे तिने पाहिलेलं होतं.)

मृणाल: पण गुप्ततेने काय जातं तेही बघा. महानुभावांनी लीळाचरित्र सांकेतिक लिपीत ठेवलं. मराठीतलं इतकं जुनं, इतकं बोलतं गद्य, आणि पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ते विसाव्या शतकापर्यंत वाचता येत नव्हतं. कधीकधी मला त्याचा रागच येतो.

अण्णामामा: आणि तोवर सांभाळलं कोणी?

मृणाल: त्यांनीच. मान्य. पण आमचं जे गेलं ते गेलंच ना. रामानुजांची गोष्ट आठवते? गुरूने मंत्र दिला, म्हणाले कोणाला सांगू नकोस, सांगशील तर नरकात जाशील. ते गोपुरावर चढले आणि सगळ्या गावाला ओरडून सांगितला. मी एकटा नरकात गेलो तरी चालेल म्हणून.

अण्णामामा: गोष्ट आठवते. पण त्यात गुरूने आधी त्यांना कितीतरी हेलपाटे घालायला लावले, तेही सांग. फुकट मिळाला असता तर गोपुरावर चढायची ओढ लागली असती का त्यांना? ते जाऊ दे. तुला खरं खुपतंय ते वेगळंच. केदार तुझ्यापासून काहीतरी लपवणार. तू तुझ्या अशिलांचं सगळं त्याला सांगतेस?

मृणाल: नाही सांगत. पण अशिलाचं गुपित अशिलाचं असतं. ते फुटलं तर कोणाचं घर जाईल, कोणाची अब्रू. मी दुसऱ्याची वस्तू सांभाळते. केदार कोणाची सांभाळणार? ज्याच्यासाठी मला बाहेर ठेवायचं, तो आहे कोण?

अण्णामामा: पुढच्या वेळी दोरी गळ्यात घालून उभा राहणारा माणूस. ज्याला अजून काही माहीत नाही.

मृणाल: हं.

अण्णामामा: पटलं?

मृणाल: त्या माणसापुरतं पटलं. पण मी तर ती दोरी कधीच घालणार नाहीये. तुमच्या लॉजमध्ये बायकांना घेतच नाहीत. मग माझ्यापासून लपवून कोणाचा अनुभव वाचतो?

अण्णामामा: (थांबून) याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुझ्याकडे दोन जण येतील, अर्ज पुढे जायच्या आधी. घर बघतात, बायकोची संमती आहे ना विचारतात. नाही म्हणालीस तर आम्ही पुढे जात नाही.

मृणाल: मला विचारतात? कशाला संमती हवी ते न सांगता?

अण्णामामा: साधारण तसंच.

मृणाल: मग येऊ देत. चहा देईन, हाच प्रश्न विचारीन. आणि उत्तर मनासारखं नाही मिळालं तर नाही म्हणेन.

अण्णामामा: आणि त्यांनी कारण विचारलं तर?

मृणाल: कारण सांगायचं नसतं ना, मामा, तुमच्याकडे?