स्थानभ्रष्ट वस्तूचें ज्ञान

एखाद्या वस्तूचें खरें स्वरूप जाणावयाचें तर ती तिच्या जागेवरून वेगळी काढावी, कीं जागेवर असतांनाच पाहावी? हा वाद तत्त्वज्ञांचा समजला जातो. परंतु आमच्या मतें तो रसायनशाळेंत अधिक चोख लढला गेला आहे.

पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें पातळ पटल असतें. त्यांत रुतलेलीं कित्येक प्रथिनें हीं पेशीचीं द्वारेंच होत. त्यांच्या तेलट अंगास पाण्याचें वावडें असल्यामुळें, पटलांतून नुसतीं उपटलीं तर तीं एकमेकांस चिकटून त्यांचा गोळा होतो. म्हणून शास्त्रज्ञ साबणाच्या जातीचीं द्रव्यें वापरतात. त्यांचे कण तें अंग झांकतात आणि प्रथिन पाण्यांत टिकतें. याच मार्गानें हार्टमुट मिशेल यांनीं १९८२ सालीं एका जिवाणूच्या प्रकाशग्राही प्रथिनसमूहाचे स्फटिक मिळविले. डायझेनहोफर व हूबर यांच्यासह त्यांस १९८८ चें नोबेल पारितोषिक लाभलें.

तथापि साबण म्हणजे पटल नव्हे. २००३ सालीं रॉडरिक मॅकिनन व त्यांचे सहकारी यांनीं विद्युद्दाबानें उघडझांप करणाऱ्या एका पोटॅशियमद्वाराची आकृति प्रसिद्ध केली. तींत दाब जाणणारे अवयव अशा ठिकाणीं दिसले कीं अनेक संशोधकांनीं शंका घेतली. पुढें २००५ सालीं मॅकिनन यांच्याच प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, पटलावांचून हे अवयव आपली योग्य जागा राखीत नाहींत. स्फटिक खरा, क्ष-किरणही खरे. तरी दिसलेली स्थिति जिवंत पेशींतील नव्हती! (परीक्षेच्या तीन तासांवरून विद्यार्थ्याची बुद्धि ठरविणाऱ्या आम्हां शिक्षकांनींही येथें क्षणभर थांबावें.)

यावरून पृथक्करण म्हणजे विपर्यासच, असें म्हणणारे पुष्कळ भेटतील. आम्हांस तें आळसाचें मत वाटतें. १९७५ सालीं हेंडरसन व अन्विन यांनीं एक प्रथिन त्याच्या पटलांतच ठेवून इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकानें पाहिलें. पण त्यांस दिसल्या त्या केवळ सात कांड्या, अणूंची मांडणी नव्हे. जागा राखली तर बारकावा गेला. तेव्हां वेगळें काढणें अपरिहार्यच. मात्र काढतांना काय धुऊन गेलें याची नोंद निष्कर्षाशेजारींच असावी, एवढा आमचा आग्रह आहे.

२००९ सालापासून एका बहुवारिकाच्या साह्यानें प्रथिन भोंवतालच्या पटलाच्या चकतीसकट कापून घेतां येऊं लागलें, मुळांच्या मातीसह रोप उचलावें तसें. युक्ति सुंदर खरी. पण त्या चकतीच्या दोन्ही बाजूंस एकच पाणी असतें. आंत आणि बाहेर हा भेदच, ज्याच्यामुळें द्वारास द्वार म्हणावयाचें, तेथें उरत नाहीं.